कडबोळं इकॉनॉमी

“डबा आला, मग झाकण काय माहेरपणाला गेलंय?”

रांगेत माझ्यापुढचा उंच मुलगा पुटपुटला, “सॉरी काकू, डिशवॉशरमध्ये राहिलं.”

“मग आजची आमटी बिनझाकणाची ने. गाडी सावकाश चालव.”

दुसऱ्या दिवशी झाकण आलं. गाडीला मात्र बरेच दिवस हिंगाचा वास येत होता म्हणे.

सुनंदाकाकू इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात टिफिन विकतात. गॅरेजच्या दारातून, स्टीलच्या डब्यात. ऑफिसमधून येताना डबा न्यायचा, दुसऱ्या दिवशी घासून परत. त्यांच्याकडे काही वाया जात नाही. दुधीच्या सालांची चटणी होते, पनीरच्या पाण्यात कणीक भिजते. भाजीची देठं शेजारच्या लिंडाच्या बागेत जातात आणि ऑगस्टमध्ये टोमॅटो होऊन येतात. तळणीचं उरलेलं तेल एकजण इंधन करायला नेतो. “आमच्या भज्यांवर ट्रक चालतो,” असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

मध्यंतरी सिटीच्या ऑफिसातली एक बाई आली होती, छोट्या धंद्यांचा कार्बन कमी करायला. सगळं बघून ती म्हणाली, हीच तर सर्क्युलर इकॉनॉमी! काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

“गोल फिरणारं, काकू. शेवट सुरुवातीला जोडलेला.”

“म्हणजे कडबोळं! सांग तिला. चकली नव्हे हो, चकलीचं टोक सुटं असतं.”

मी सांगितलं नाही. कडबोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

पण गिऱ्हाईक गळायला लागलं. डबा घासा, आणून द्या, वर बोलणी खा; कोण करणार? सिॲटलहून काकूंच्या मुलाने फोनवर सांगितलं, “आई, कागदी बॉक्स घे, डिलिव्हरी लाव. नाहीतर बिझनेस बंद कर.” काकू तयार झाल्या. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज लिहायला त्यांनी मला बसवलं. मी टाइप केलं: सोमवारपासून डबे परत आणायची गरज नाही. जेवण घरपोच मिळेल.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. “बरोबर आहे.” मग कोरडाच डबा पुन्हा पुसत राहिल्या.

“डबा द्यायला आलं की तोंड दिसतं गं. कोण वाळलंय, कोण रडून आलंय. हे गेल्यापासून या दारात दुसरं येतं कोण? बॉक्स काय, गेला की गेला.” त्यांनी डबा ठेवला. “पाठव.”

मी मेसेज न पाठवताच फोन ओट्यावर पालथा ठेवला.

“काकू, आज माझा डबा भरू नका,” मी म्हटलं. “इथेच ताट वाढा. दोघींचं.”