कडकरावांची देणगी

हॉटेलच्या पांढऱ्या चादरींची थप्पी इस्त्री होऊन फक्त न्यायची राहिली होती आणि त्या थप्पीवर एक काळं मांजर झोपलं होतं. लाँड्रीचं शटर वर करताच कडकरावांना हे दृश्य दिसलं. कडकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्याकडून आलेला शर्ट अंगात चढवला की माणसाला वाकून चप्पल घालता येत नाही, म्हणून गल्लीने त्यांना ते बहाल केलं होतं. स्वतः ते रोज पांढरेशुभ्र कपडे घालत आणि हँगरसकट घातल्यासारखे ताठ चालत. समोरच्याच्या बाहीवर केस दिसला, तर बोलणं थांबवून आधी तो केस उचलत.

“शुक! शुक!” कडकराव लांबूनच ओरडले. मांजराने एक डोळा उघडला, यांच्यात काही दम नाही हे ओळखलं आणि डोळा मिटला.

“अहो, ओरडताय काय? मागचा पाय बघा तिचा,” काउंटरमागे विणकाम घेऊन बसता बसता बायको म्हणाली. “लोंबतोय नुसता. मागच्या खिडकीतून कशी चढली असेल बिचारी!”

“कशी चढली ते नको सांगूस. उतरणार कशी ते सांग.”

उतरवायला मांजरवाल्या बाई आल्या. मागच्या रस्त्यावर एका जुन्या गोदामात त्या जखमी, टाकून दिलेली मांजरं सांभाळत. त्यांनी मांजर अलगद टॉवेलात गुंडाळलं आणि जागेवरच उभ्या राहिल्या. “नेते हो मी हिला, पण पायाचं ऑपरेशन करावं लागेल. गंगाजळीत सध्या खडखडाट आहे. पायाचं झालं नाही, तर हिला घर कोण देणार? फिरून फिरून इथेच येईल. तुमच्याकडे ऊब आहे ना.”

फिरून इथेच, हे शब्द कडकरावांच्या वर्मी लागले. “आणि घर मिळालं तर?”

“मग कशाला येतेय? घरच्या उशा सोडून तुमच्या चादरींवर कोण झोपेल?”

कडकरावांनी तिथल्या तिथे विचार केला. मांजर बरं झालं तर घरात जाईल, घरात गेलं तर दुकानात येणार नाही. हिशेब सरळ होता. त्यांनी गल्ला उघडला. “हे घ्या. आणि दर महिन्याला येऊन न्या. गावातलं एकूण एक मांजर बरं करा आणि घरात घाला. होता होईल तो लांबच्या.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतकी वर्षं त्या दारोदार फिरत होत्या. इतक्या तळमळीने देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तळमळ कसली आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि घोटाळा झाला तो इथेच.

कारण बाई उपकार ठेवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. काळीच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि चारच दिवसांत गोदामाच्या भिंतीवर फलक लागला. त्यावर कडकरावांचा हसरा फोटो, खाली ‘आमचे मार्जारमित्र’ अशी ठळक अक्षरं आणि कुणाला भेटायचं असेल तर अडचण नको म्हणून लाँड्रीचा पत्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरजवळ बुटांचं खोकं होतं. त्यात एक पांढरं पिल्लू होतं आणि चिठ्ठी होती, ‘तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.’ त्यानंतर टोपली आली, मग पिशवी आली. एक गृहस्थ तर रुमाल धुवायला टाकून, हळूच बोका काउंटरवर ठेवून, रुमालाची पावती घेऊन गेले.

“मार्जारमित्र!” कडकराव फलकासमोर उभे राहून ओरडले. “बाई, अहो मला मांजर डोळ्यांसमोर नको, म्हणून मी पैसे दिले!”

“असू दे हो. देणारा का देतो, ते मांजराला कुठे विचारायचंय?” बाई शांतपणे एका बोक्याच्या कानात औषध सोडत म्हणाल्या. “त्यांची जखम भरते, एवढं बास. फलक काढते मी. पण ही चार पोरं ठेवू कुठे? जागा नाही. बरी झालेली जाईनात, त्यामुळे आजारी येऊ शकेनात. औषधाला तुम्ही दिलंत, आणखी दोघं द्यायला लागले. घरं मात्र मिळत नाहीत.”

“का मिळत नाहीत? एवढा खर्च केलाय त्यांच्यावर.”

“लोक म्हणतात, केस गळतात. कपड्यांना लागतात.”

कडकरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या. आता विषय त्यांच्या अखत्यारीतला होता. “केस लागणार,” ते म्हणाले. “केस कुणाचे लागत नाहीत? लागले तरी दिसतात का, एवढाच प्रश्न असतो. काळी कुठाय?”

कडकरावांना गिऱ्हाइकांची नावं आठवत नसत, पण कपडे पाठ होते. कोण जेवताना सांडतो, कोणाचं वजन वाढलं, कोण उसवलेलं तसंच घालतो, सगळं त्यांना ठाऊक. संध्याकाळी वकीलबाई कोट न्यायला आल्या, तेव्हा काउंटरवर कोटाशेजारी काळी बसली होती.

“हे काय?” वकीलबाई मागे सरकल्या.

“मांजर. न्या.”

“मला नकोय मांजर!”

“तुम्हाला नको असेल, तुमच्या कोटांना हवंय. सगळ्यांचे खिसे उंदरांनी कुरतडलेत. रफू करून माझे डोळे गेले. आणि हे बघा.” त्यांनी काळीला उचलून, म्हणजे बायकोकडून उचलवून, कोटावर घासलं. वकीलबाईंनी कोट उजेडात धरला, फिरवला, चष्मा लावून पाहिला. केस दिसेना. त्यांच्या सगळ्या हरकती कोटावरच संपल्या आणि काळी गेली. जाताना चारही पायांवर उभी राहून तिने पिंजऱ्यात आळस दिला, तेव्हा ऑपरेशनला पैसे आपण दिले होते, हे कडकरावांना पहिल्यांदाच जाणवलं आणि उगीचच बरं वाटलं.

मग त्यांना चेवच चढला. पांढरं पिल्लू गेलं मुख्याध्यापकांकडे. निवृत्त झाल्यावरही ते पांढराच पोशाख घालत. ते नाही म्हणू लागले, तेव्हा कडकराव आवाज खाली आणून म्हणाले, “गुरुजी, पूर्वी तुमच्या गाठोड्यात दोघांचे कपडे असायचे. आता एकाचेच असतात. मला दर आठवड्याला ते दिसतं हो.” गुरुजींनी पिल्लू खिशात घातलं आणि उरलेले पैसे न घेताच निघून गेले. त्या पैशांसाठी बायकोने काउंटरवर एक डबा ठेवला. डब्यात गिऱ्हाइकं सुटे पैसे टाकू लागली. कुणी जुने टॉवेल दिले. वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या गोधड्या कडकरावांनी धुऊन, चक्क इस्त्री करून गोदामात पोचवल्या. करड्या सफारीवाल्याला करडी मांजर गेली, ठिपक्यांच्या साड्या नेसणाऱ्या आजींना ठिपक्यांची गेली. गोदामात जागा होऊ लागली, नवी जखमी मांजरं येऊ लागली.

त्यांतच तांबोबा आला. तांबड्या रंगाचा म्हातारा बोका. एक डोळा आधीच गेलेला, वर गाडीखाली येऊन कंबरेचं हाड मोडलेलं. डब्यातले सगळे पैसे, गुरुजींची पेन्शन आणि वकीलबाईंची फी यांतून त्याच्या हाडात धातूची पट्टी बसली. पण डॉक्टरांनी बजावलं, “आठवडाभर उबेत ठेवा. उडी नाही, धावपळ नाही. पट्टी निसटली तर पुन्हा जोडता येणार नाही.” आणि गोदामात तर पत्र्याखाली गारठा.

“तुमच्या बॉयलरच्या खोलीत,” मांजरवाल्या बाई म्हणाल्या.

“अशक्य. मोठ्या दवाखान्याच्या मेट्रन येणार आहेत याच आठवड्यात. डॉक्टरांचे कोट, चादरी, वर्षभराचं काम आहे. नमुन्याचे कोट धुऊन ठेवलेत. त्यावर एक तांबडा केस दिसला तर संपलं!”

“आठवडाच,” बायको विणता विणता म्हणाली. “टोपलीत राहील.” तिने नवीन लोकर काढली होती. कडकरावांनी तिच्याकडे पाहिलं. “हा कसला रंग आणलास? आपल्या गल्लीत कोण घालतं असलं?”

“बघू,” बायको म्हणाली.

मेट्रन आल्या त्या वेळेच्या आधी. कडकरावांपेक्षा ताठ माणूस कडकरावांनी आयुष्यात प्रथमच पाहिला. मेट्रनबाईंनी कॉलर चिमटीत धरून बघितली, शिवण उलटी केली, काजं मोजली. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या ड्रायव्हरने मागे डोळे मोठे केले. बाई कुणाला ठीक आहे म्हणत नसाव्यात. “बाकीचे कोट दाखवा.”

कडकरावांनी ऐटीत बॉयलरच्या खोलीचा पडदा सारला. टोपली रिकामी होती. कोटांच्या थप्पीवर तांबोबा पसरला होता, आणि केस कुठे कुठे होते हे सांगत बसण्यापेक्षा कुठे नव्हते हे सांगणं सोपं पडलं असतं.

“हे कोणाचं?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“रस्त्यावरचं दिसतंय,” ड्रायव्हर पुढे झाला. “टाकू का बाहेर?”

होय म्हणायचा अवकाश होता. वर्षभराचं काम वाचलं असतं. पण बाहेर धडाधड वाहनं चालली होती, आणि तांबोबाने आपला एकुलता एक डोळा उघडून कडकरावांकडेच पाहिलं. कडकराव आडवे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातांनी, पांढऱ्या बाह्यांनिशी, एक मांजर कवेत घेतलं.

“हात लावायचा नाही! माझं आहे ते. डॉक्टरांनी उडी मारायची नाही म्हणून सांगितलंय. काम नसेल द्यायचं तर नका देऊ, पण हा इथून हलणार नाही.”

मेट्रनबाईंनी चष्मा लावला, वाकल्या आणि कंबरेवरचे टाके निरखले. “ऑपरेशन कधीचं?”

“परवाचं.”

“परवाचं!” मेट्रनबाईंचा आवाज चढला. “आणि पेशंट टोपलीतून उठून थप्पीवर चढतो? लक्ष कुणाचं होतं? मला कॉलरी कसल्या दाखवताय? असं नाही धरायचं, खालून आधार द्या. ड्रायव्हर, ते गोधडं आण. टोपलीला वरून जाळी नको का?” पुढचा अर्धा तास त्या लाँड्रीचा वॉर्ड करून टाकण्यात गुंतल्या होत्या. जाता जाता त्यांनी डब्यात नोट घातली आणि दारातून वळून म्हणाल्या, “कोट पुन्हा धुवा. तांबडा केस दिसला तर काम बंद.”

“म्हणजे… काम…?” कडकराव चाचरले.

“बंद पडायला आधी सुरू व्हायला नको का?” असं म्हणून मेट्रनबाई गेल्या.

आठवडा संपला, पट्टी जागेवरच होती. मांजरवाल्या बाई पिंजरा घेऊन आल्या. त्या आधी दोन दिवस कडकरावांनी दुकानातला प्रत्येक हँगर तपासला होता. तांबड्याच्या जवळ जाणारा साधा मफलरही अख्ख्या गल्लीत कुणाचा नव्हता.

“चला,” बाई म्हणाल्या. “म्हातारा, एकडोळ्या. राहील माझ्याकडेच. कुणाला घ्यायचा नसतो हो असला.”

“राहील म्हणजे काय?” कडकराव उसळले. “माझ्या दुकानातून एकही मांजर घराशिवाय परत गेलेलं नाही. दोन दिवस द्या. शेजारच्या गावात विचारतो. कुणीतरी तांबडं घालत असेलच!” बोलताना त्यांचा हात तांबोबाच्या पाठीवर होता, हे दुकानात सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्यांना सोडून.

बायकोने शेवटचा टाका घातला, लोकर तोडली आणि उठली. “जरा हात वर करा.”

“काय आहे?”

“करा तर.”

कडकरावांनी हात वर केले. डोक्यावरून काहीतरी तांबडं खाली आलं, गळ्याशी अडलं, मग खांद्यांवर नीट बसलं. त्यांनी आरशात पाहिलं. “अगं, हा स्वेटर तर माझ्या मापाचा आहे!”

“मग काय बोक्याच्या मापाचा विणू?”

मांजरवाल्या बाईंनी रिकामाच पिंजरा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडकरावांनी शटर वर केलं, तेव्हा समोरून जाणारे गुरुजी थबकले. इतक्या वर्षांत कडकरावांच्या अंगावर पांढऱ्याशिवाय काही पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. “काय झालं हो? कुणाचा रंग लागला की काय?”

“लागला नाही,” कडकराव म्हणाले. “जुळवलाय.”

आत टोपलीत तांबोबा कूस बदलत होता. कडकरावांचा हात सवयीने बाहीवरचा केस उचलायला गेला. त्यांनी बाही उजेडात धरली, फिरवली, अगदी डोळ्यांजवळ नेली. केस काही केल्या सापडेना.