अहो-जाहोचा वर्ग

मेश्राम पहिलीच्या पोरांना 'अहो' म्हणायचा. थट्टेनं नाही. कलेक्टरसाहेबांशी बोलावं तसा, मान किंचित झुकवून.

"या पांडुरंगराव, बसा. आज नाक पुसून आलात, फार बरं वाटलं."

पांडुरंगराव सहा वर्षांचे. चड्डीचं बटण तुटलेलं, म्हणून एक हात कायम कमरेला. दुसऱ्या हातानं अर्धा नमस्कार करून ते रुबाबात तरटावर बसायचे.

साठीचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघं नागपूरच्या एका अध्यापक विद्यालयात शिकत होतो आणि सराव पाठांसाठी सदर भागातल्या एका प्राथमिक शाळेत आमची जोडी लागली होती. एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं मागं बसून निरीक्षण लिहायचं. मी नुकताच मॅट्रिक झालेला. मेश्राम माझ्याहून बराच मोठा. गावाकडं काही वर्षं शेतात राबून मग इकडं आलेला. माझ्याशी तो "काहून गा, आज डबा नाही आणला?" असं बोलायचा. पण वर्गाचा उंबरठा ओलांडला, की भाषेला कडक इस्त्री.

"कुमारी शेवंता बागडे आल्या का?"

"आल्या!" शेवंता उभी राहून स्वतःच सांगायची.

फळ्यावर लिहायचं झालं तरी तो आधी वर्गाला विचारायचा, "क्षमा करा, जरा पाठ करतो तुमच्याकडं. चालेल ना?" पोरं मोठ्या मनानं परवानगी द्यायची. माझं सारं अध्यापनशास्त्र "ए, गप बसा रे!" एवढ्यात संपत होतं, आणि माझ्या तासाला कोणी गप बसत नव्हतं.

एकदा पांडुरंगची आई तावातावानं शाळेत आली. "मास्तर, माह्या पोट्ट्याले काय शिकवून राहिले तुम्ही? काल मले म्हणे, 'अहो आई, आपण भाकर वाढता का?' मले वाटलं, याले बाहेरचं लागलं!"

मेश्रामनं तिलाही खुर्ची दिली. "बसा ताई. पण वाढली ना भाकर?"

"वाढली." ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दोन वाढल्या."

विद्यालयातून आमचे पाठ तपासायला येणाऱ्या देशकर सरांना मात्र हे अजिबात पटेना. परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी त्यांनी मेश्रामला बोलावून सुनावलं, "ही शाळा आहे, लग्नाचा मांडव नाही. उद्या माझ्यासमोर हे अहो-जाहो चाललं, तर नापास करीन."

नापास म्हणजे आणखी एक वर्ष, आणि तेवढं घरच्यांना झेपणारं नव्हतं. मेश्राम मुकाट्यानं "होय सर" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विषय होता पाण्याचे उपयोग. देशकर सर माझ्या शेजारी बसले. मेश्राम वर्गापुढं उभा राहिला, घसा खाकरला आणि पहिल्या रांगेकडं बोट दाखवून म्हणाला, "ए, तू सांग. पाणी कशाला लागतं?"

वर्ग एकदम चिडीचूप. असा शांत वर्ग मी त्या शाळेत पाहिला नव्हता.

"तू सांग रे!"

पांडुरंग उठला तो रडवेला होऊनच. शेवंता त्याच्या मदतीला उभी राहिली. "गुरुजी, आमचं काय चुकलं?"

"आमच्यावर रागावून राहिले का तुम्ही?" पांडुरंगनं विचारलं.

मेश्रामनं एकवार देशकर सरांकडं पाहिलं. मग हातातला खडू टेबलावर ठेवला.

"नाही शेवंताबाई. चूक माझी झाली. बसा आपण. हां पांडुरंगराव, सांगा, पाणी कशाला लागतं?"

"म्हशीले धुवाले!" पांडुरंग ओरडला, आणि मग साऱ्या वर्गाचे हात वर. पाण्याचे इतके उपयोग मलाही ठाऊक नव्हते. देशकर सर शेवटपर्यंत खाली मान घालून लिहीत होते. काठावर का होईना, त्यांनी त्याला पास केलं. शेरा होता: 'वर्गनियंत्रण उत्तम. भाषा अनावश्यक आदरयुक्त.'

निकालाच्या दिवशी आम्ही चहा प्यायला गेलो. मी म्हणालो, "नापास झाला असतास ना! काहून एवढा हट्ट?"

तो बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिला.

"आमच्या घरच्यांनी धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या आधीची गोष्ट आहे गा. गावच्या शाळेत मले दाराजवळ वेगळं बसवत. मास्तर नावानं हाक मारत नसे. 'ए' म्हणे, बस. एक दिवस तपासणीले साहेब आले. माह्यासमोर उभे राहिले अन् म्हणाले, 'आपलं नाव काय?'"

"मग?"

"आपलं म्हणाले ना ते! मले वाटलं, मागं कोणी मोठं माणूस उभं आहे. म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती."

तो हसला. मला हसता आलं नाही.

"मग नाव सांगितलं का नाही?"

"कुठं गा," मेश्राम म्हणाला, "मी वळून पाहेपर्यंत साहेब पुढं गेले होते."