ॲल्विनची पिन

युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी लावायचं पॉपीचं लाल कापडी फूल सकाळपासून लोर्नाच्या कोटावरून तीनदा गळून पडलं. एकदा तर चहात. त्या फुलाची टाचणी दरवर्षी अशीच दगा देते आणि ओटावातली माणसं दरवर्षी नव्याने बोटं टोचून घेतात. शेवटी थेल्मा कपाटाकडे गेली आणि ॲल्विनची पिन घेऊन आली.

लोर्ना बहात्तरची झाली तरी थेल्माच्या लेखी अजून धाकटीच होती. पलटणीच्या बिल्ल्याची ही पिन कोरियाच्या युद्धावर निघताना त्यांच्या भावाने, ॲल्विनने, आईला दिलेली. तो तिकडे बेपत्ता झाला, थडगंसुद्धा नाही. आईमागे पिन थेल्माकडे आली आणि तिने ती लोर्नाला एकदाही लावू दिली नव्हती.

"आजच्या दिवस लाव," थेल्मा म्हणाली. "हरवलीस तर घरी येऊ नकोस."

"ताई, मी काय वेंधळी आहे?"

थेल्माने स्वतःच ती पिन फुलात खोवून तिच्या कोटाला लावली.

युद्धस्मारकापाशी तोफांची सलामी झाली, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले आणि मग रांग अज्ञात सैनिकाच्या थडग्याकडे निघाली. तिथे आपलं फूल ठेवायचं, असा हुकूम कुणी काढलेला नाही. थडगं बांधलं त्या वर्षी कुणीतरी ठेवलं, मागच्याने बघून ठेवलं आणि रीत पडली. गर्दीत थेल्मा मागे राहिली होती. लोर्नाने सवयीने फूल काढलं, ठेवलं, डोळे पुसले आणि दहा पावलांवर तिचा हात कोटाच्या रिकाम्या कॉलरकडे गेला. पिन फुलातच राहिली होती.

ती तशीच परत फिरली. तोवर थडग्यावर फुलांचा ढीग झाला होता. गुडघे टेकून ती एकेक फूल उलटं करून बघू लागली.

"काही हरवलं का हो?" मागच्या पदकवाल्या म्हाताऱ्याने विचारलं.

पिनेचं नाव काढलं तर बातमी ताईपर्यंत जाणार. "भावाला शोधतेय," ती बोलून गेली.

म्हाताऱ्याने टोपी काढली, वाकून एक फूल उचललं, उलटून पाहिलं आणि अलगद परत ठेवलं. त्याच्या मागच्या बाईनेही तेच केलं. मग अख्खी रांगच तसं करू लागली आणि फुलं इकडची तिकडे होऊ लागली. लोर्नाला रडू यायचं बाकी होतं.

"हे काय नवीन?" थेल्माचा आवाज आला.

"आपला माणूस शोधायचा," कुणीतरी हळूच समजावलं. "मग फूल परत ठेवायचं."

थेल्माने काठी लोर्नाकडे दिली आणि कण्हत वाकली. एक फूल पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसरं तिने उलटं केलं आणि ती तशीच थांबली. लोर्नाने डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा थेल्मा ते फूल पिनेसकट दगडावर परत ठेवत होती.

"फूल कुठे ठेवायचं, तेच आईला कधी कळलं नाही," ती म्हणाली. "कित्येक वर्षं ही पिन इथे ठेवायचं मनात होतं गं. माझा हात होत नव्हता. तू केलंस."

खरं सांगायला लोर्नाने तोंड उघडलं. पण ताईची ही आयुष्यातली पहिली शाबासकी होती आणि ती परत करायला तिचा जीव होईना.

बसमध्ये थेल्माने विचारलं, "मुद्दाम ठेवलीस ना?"

"हो."

"खोटारडी," थेल्मा म्हणाली आणि घर येईपर्यंत तिने लोर्नाचा हात सोडला नाही.