अंबादास मास्तरांचे दोन कान

अंबादास मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं की वरातीतली अनुभवी माणसं आधी मुहूर्ताची वेळ विचारून घ्यायची. कारण मास्तर वाजवता वाजवता मधेच थांबत. धून ऐन रंगात आलेली असायची, घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान डोलवत असायचा, आणि मास्तर क्लॅरोनेट खाली घेऊन उजवा हात कानाच्या पाळीला लावायचे. मग शेजारी जो कोणी असेल त्याला, बहुधा घोडेवाल्याला, सांगायचे, "ही जागा सिद्रामप्पांची हाय बरं का. अक्कलकोटचे. सुंदरी वाजवायचे, सनईसारखी पण बारकी."

जागा म्हणजे धुनेतली एखादी खास हरकत, एखादं वळण, जे ऐकून माणूस 'वा' म्हणतो. मास्तरांचं म्हणणं असं की प्रत्येक जागेला मालक असतो. ज्याच्याकडून ती आपण उचलली त्याचं नाव घेऊन कानाला हात लावायचा. गवई मैफलीत गुरूचं नाव घेताना लावतात तसा. पण गवयाचे हात मोकळे असतात. क्लॅरोनेटवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, ही अडचण मास्तरांना कधी अडचण वाटलीच नाही.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि सोलापूरच्या साखर पेठेत मास्तरांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. मास्तर दिवसा मागावर चादरी विणायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. लाल कोट, पितळी बटणं, खांद्याला झालर. कोट दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा होता. त्याच्या बाह्या बोटांच्या पेरापर्यंत यायच्या, त्यामुळे कानाला हात लावताना मास्तर आधी बाही सारायचे आणि आणखी वेळ जायचा.

बँडमधल्या लोकांनी यावर तोड काढली होती. मास्तरांची बाही सरकली की साइड ड्रमवाला लगेच काड्या घोळवायला लागायचा. मास्तरांचं नमन संपेपर्यंत तो एकटा वरात सांभाळायचा. एकदा एका पाव किलोमीटरच्या रस्त्यात मास्तरांनी अकरा जणांच्या नावाने कानाला हात लावला. मुहूर्त टळायला आला तसा नवऱ्या मुलाचा मामा पुढे येऊन ओरडला, "ओ मास्तर, तुमाला वाजवायला बोलावलंय का कान खाजवायला?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "उचललेली वस्तू हाय की मामा. मालकाला सांगून वाजवायला नको?"

ट्रंपेट वाजवणारे गुलाबभाई तर शेजारीच उभे असायचे. तरी त्यांची जागा आली की मास्तर त्यांच्याकडे वळून कानाला हात लावायचेच. गुलाबभाई लाजून लाल व्हायचे. म्हणायचे, "अरे, मैं जिंदा हूँ ना अबी! लोगां क्या समझेंगे?"

घरीही हेच. जेवताना कडक भाकरीवर शेंगाचटणी पडली, पहिला घास घेतला, की हात कानाला. "ही सासूबाईंची जागा." मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून तेलुगूत काहीतरी बोलायच्या. त्यांचा सूर ऐकून मला अर्थ विचारावासा वाटला नाही.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण कारकुनाला हजेरी घेण्याची सवय असते, त्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळ्यांसाठी मास्तर एका कानाला हात लावत. एकच जागा अशी होती की तिथे ते क्लॅरोनेट काखेत मारून दोन्ही कान धरायचे. नुसता हात लावायचे नाहीत, चांगले चिमटीत पकडायचे. आणि नाव मात्र कुणाचंच घ्यायचे नाहीत.

ती जागा पाठवणीच्या धुनेत शेवटी यायची. सूर वर जाता जाता अचानक घसरायचा, आणि पडतोय असं वाटतानाच सावरून उभा राहायचा. नवरीची आई तोवर धीर धरून असली तरी तिथे रडायचीच. मीही रडायचो, आणि माझा नवरीशी काही संबंध नसायचा. अख्ख्या सोलापुरात तिला 'अंबादास मास्तरांची जागा' म्हणत. लोकांना वाटे, स्वतःचीच जागा आहे म्हणून बिचारा नाव घेत नाही, केवढा हा विनय!

मी एकदा विचारलं, "मास्तर, इथे दोन कान का?"

"दोन हायेत म्हणून," मास्तर म्हणाले आणि क्लॅरोनेटच्या तोंडाची पातळ पट्टी, म्हणजे रीड, पुसायला लागले.

मग एका उन्हाळ्यात गुलाबभाई खोलीवर आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "मारुती की बेटी की शादी है. इतवार को, कुर्डुवाडी में."

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. गुलाबभाई गेल्यावर ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "सायेब, रविवारी सुट्टी हाय नव्हं तुमाला? चला की माझ्यासंगट. एकट्यानं जायला जमायचं न्हाई."

"पत्रिका आलीय?"

"न्हाई," मास्तर म्हणाले. "यायची न्हाईच."

गाडीत क्लॅरोनेटची पेटी मांडीवर घेऊन ते बसले होते. मोहोळ स्टेशन गेल्यावर बोलायला लागले. मारुती कांबळे त्यांच्या मागे दुसरं क्लॅरोनेट वाजवायचा. दहा वर्षं दोघं एकत्र होते, एका ताटात जेवलेले. ती रडवणारी जागा पहिल्यांदा मारुतीने वाजवली, सरावाच्या वेळी. मास्तरांनी ती उचलली आणि एका व्यापाऱ्याच्या घरच्या पाठवणीत पुढे उभं राहून वाजवली. व्यापारी ढसाढसा रडला. भर मांडवात त्याने मास्तरांच्या डोक्याला फेटा बांधला आणि म्हणाला, "ही जागा तुमचीच मास्तर, दुसऱ्याचं काम न्हाई."

"मारुत्या माझ्या मागंच हुता," मास्तर म्हणाले. "मी बोलाय पायजे हुतं. न्हाई बोललो. तोंडात रीड हुती, असं मनाला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मारुती बँडमध्ये आला नाही. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला तो तिकडेच राहिला. तेव्हापासून मास्तरांनी ज्याचं त्याला देऊन टाकायचं ठरवलं. सिद्रामप्पांचं, गुलाबभाईंचं, सासूबाईंचंसुद्धा. एका माणसाचं तेवढं द्यायचं राहिलं होतं. मला त्यांची दया आली आणि त्या अकरा वेळा थांबलेल्या वरातीला मी हसलो होतो याची लाजही वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून जेवणं उरकली होती आणि पाठवणीची तयारी चालली होती. मांडवाच्या तोंडाशी मारुती उभा होता. उंच, वाळलेला, पुढचे चारही दात गेलेले. म्हणजे आता त्याला क्लॅरोनेट धरता येणार नव्हतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जयभीम, मारुती," मास्तर म्हणाले.

मारुतीने त्यांच्याकडे पाहिलं. "जयभीम," तो म्हणाला. "जेवायला बसा." एवढंच बोलून तो लेकीकडे वळला.

मास्तर जेवायला बसले नाहीत. त्यांनी पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडलं, आणि नवरी बापाच्या पाया पडायला वाकली तशी पाठवणीची धून सुरू केली. सगळ्या मांडवाकडे पाठ करून, एकट्या मारुतीकडे तोंड करून ते वाजवत होते. ती जागा आली. सूर घसरला, सावरला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मास्तरांनी क्लॅरोनेट काखेत मारलं, दोन्ही कान पकडले आणि मांडवाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "ही जागा मारुती कांबळेची हाय! माझी न्हाई! मी उचलली आन् बोललो न्हाई."

मारुती पुढे आला.

"अंबादास," तो म्हणाला, "ती जागा न्हवती रं. चूक हुती."

"आं?"

"माझ्या क्लॅरोनेटच्या चावीखालचं पॅड फाटलं हुतं. चावी बसायची न्हाई, हवा गळायची. सूर घसरला, तो कसाबसा उचलला. मी शिव्या घालायलो पॅडला, आन् तू आपला वा वा करायलास! चूक चोरणारा माणूस पैल्यांदा बघितला मी."

मास्तर कान तसेच धरून उभे होते. "मग रागावून गेलास कशाला?"

"राग जागेचा न्हवताच." मारुतीचा आवाज बारीक झाला. "तेनं फेटा बांधला तवा तू एकदा मागं वळून बघशील असं वाटलं हुतं. नुसतं बघायचं हुतंस. मी हासलो असतो की."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. मारुतीने त्यांचा डावा हात धरून कानावरून खाली घेतला. उजवा तसाच राहू दिला.

"एक पुरे," तो म्हणाला. "गुलाबभाईला लावतोस तसा मलाबी लाव. दुसरा हात क्लॅरोनेटला लागतो. चल, पोरगी खोळंबलीय. फिरून वाजीव."

मास्तरांनी पुन्हा वाजवलं. मग आम्ही जेवलो. मारुती स्वतः वाढत होता.

त्यानंतर मी सोलापुरात होतो तोवर मास्तरांच्या कितीतरी पाठवण्या ऐकल्या. बाकीच्यांच्या नावाने वरात थांबायची ती थांबतच राहिली. पण ती जागा आली की मास्तर क्लॅरोनेट तोंडातून काढत नसत. एकच हात कानाला जाई, आणि दुसऱ्या एकट्या हाताला चाव्या नीट पेलत नसल्यामुळे हवा गळायची, सूर घसरायचा आणि कसाबसा सावरायचा. गुलाबभाई म्हणायचे की आता कुठे ती जागा मारुती वाजवायचा तशी लागायला लागली.