विठ्ठलरावांच्या नावानं

आर्णीच्या विठ्ठलरावांना जाऊन वर्ष झालं, तरी जुन्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते रोज बोलत होते. ग्रुपमधल्या चाळीस जणांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. लिहीत होत्या त्यांच्या पत्नी, विमलताई.

सुरुवात चुकून झाली. तेराव्यानंतर बातमी कळवायला त्यांनी नवऱ्याचा फोन उघडला, तर ढाणकीचा एकजण विचारत होता, ‘उन्हात गाडी बंद पडली, काय करू?’ भर रस्त्यात अडकलेल्या माणसाला असली बातमी कशी द्यायची? पंचवीस वर्षं त्या स्वतः मांडीवर फडकं आणि पायाशी पाण्याची कॅन घेऊन गाडीत बसल्या होत्या. त्यांनी लिहिलं, ‘बॉनेट उघडा, फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा.’

गाडी सुरू झाली. उत्तर आलं, ‘विठ्ठलराव, जुग जुग जिओ!’

मग खरं सांगणं राहूनच गेलं. घरची गाडी कधीच विकली होती, घरात काही विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. इथं चाळीस जण विचारत होते.

एका रविवारी संध्याकाळी ग्रुपचे अ‍ॅडमिन, दारव्ह्याचे उत्तमसिंग, जुना पत्ता शोधत तिघांसह दारात उभे राहिले.

“विठ्ठलराव हायत का, काकू?”

“बाहेर गेले,” विमलताई बोलून गेल्या.

“बसतो मंग आम्ही.”

“उशीर लागन. लग्नाले गेले.”

“फोन करून पाहतो.”

विमलताईंच्या कमरेला खोचलेला फोन वाजू लागला. वाजतच राहिला.

“लग्नाले नाही गेले, भाऊ,” त्या खाली बसत म्हणाल्या. “मागच्या चैत्रात गेले. मीच लिहून राह्यली होती. काढून टाका मले ग्रुपातून.”

चौघं चपला काढून आत येऊन बसले.

“तरीच,” उत्तमसिंग म्हणाले. “पयले उत्तर यायले अर्धा दिवस लागे. आता लगेच येते.”

“तवा मी वावरात राहू. मले विचारल्याशिवाय ते लिहीत नोते.”

एकाला हसू फुटलं, मग विमलताईंनाही. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “मंग काढता ना?”

“कसं काढू?” उत्तमसिंग ओशाळून म्हणाले. “माहुरले चाललो होतो. गाडी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. विठ्ठलरावले बोलवाले आलतो.”

विमलताईंनी पदर खोचला आणि फळीवरचा पाना घेतला.

“चाला. टॉर्च कोण धरते?”