सोफ्यातला तक्क्या

कुत्रा कसा लपवावा, हे माझ्याकडून शिकावं!

मी सोफे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तक्क्या माझा कुत्रा. जुन्या गाद्यांच्या ढिगात सापडला, म्हणून तक्क्या. खोलीवर आम्ही दोघंच. एकटा ठेवला की तो रडतो, आणि खरं सांगायचं तर इकडे माझंही कामात लक्ष लागत नाही. माझ्यावाचून त्या जिवाला घडीभर करमत नाही हो!

मालकांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "कुत्रा पुन्हा इथे दिसला, तर त्याच्याबरोबर तूही घरी!"

दिसला तर ना? मी त्याला बँकेतल्या मॅडमच्या सोफ्याच्या पोटात ठेवला. सोफ्याला खालून कापड ठोकायचं तेवढं राहिलं होतं. आत ऐसपैस जागा, गार अंधार. स्वारी लगेच घोरायला लागली. तेवढ्यात मालकांनी मला फोम आणायला गोदामात पिटाळलं.

परत येतो तर सोफा गायब!

"मालक, मॅडमचा सोफा?"

"गेला टेम्पोतून! तुझी वाट बघत बसू? खालचं कापड मीच ठोकलं. एक सुरकुती शोधून दाखव!"

"मालक, त्यात... एक स्प्रिंग सैल राहिलीय."

"माझ्या कामात खोट काढतोस? चल! मीही येतो!"

मॅडमच्या घरी त्यांच्या सासूबाई थाटात सोफ्यावर बसल्या होत्या. खालून आवाज आला, घुर्रर्र!

"अगं बाई! हा गुरगुरतोय!"

"नवी स्प्रिंग आहे, आजी. होईल गप्प हळूहळू," मालक म्हणाले.

घुर्रर्र!

"कुठे होतेय गप्प?"

मला राहवेना. आत त्याचा जीव गुदमरला असेल तर? खड्ड्यात गेली नोकरी! "आजी, उठा!" म्हणत मी सोफा उलटा केला आणि कापड टर्रकन फाडलं.

"अरे, माझं कापड!" मालक किंचाळले.

तक्क्याने तोंड बाहेर काढलं. माझ्याकडे बघितलं. मोठी जांभई दिली. आणि पुन्हा आत जाऊन झोपला!

आजींची हसून हसून पुरेवाट झाली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आत न बघता कापड ठोकलं कोणी?"

मी छताकडे बघितलं. मालकांनी फाटक्या कापडाकडे. सुरकुती खरंच एकही नव्हती.

परतताना मालक तरातरा पुढे. मी तक्क्याला छातीशी घट्ट धरून मागे. कारखान्याच्या दारात ते वळून म्हणाले, "उद्यापासून हा कुत्रा..."

मी डोळे मिटले.

"...मला सतत समोर दिसला पाहिजे! नाही दिसला, तर तू घरी!"

तेव्हापासून तक्क्या मालकांच्या खुर्चीखाली झोपतो. संध्याकाळी निघताना मी हाक मारली की आधी मालकांच्या तोंडाकडे बघतो. म्हणे माझ्यावाचून करमत नाही!