पितांबर मास्तरांचं प्रात्यक्षिक

पितांबर मास्तरांना ऑइल इंजिन तोंडपाठ होतं. पिस्टन कुठे, व्हॉल्व्ह कधी उघडतो, सगळं ते फळ्यावर डोळे मिटून काढत. खऱ्या इंजिनाला मात्र त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. म्हणून एकसष्ट साली शाळेत तांत्रिक वर्ग सुरू होताच वरून हुकूम आला: शिकवणाऱ्याने पंधरा दिवस कारखान्यात काम करून दाखला आणावा, नाहीतर वर्ग बंद. मास्तर नंदुरबारातल्या घेवरचंद शेठच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात दाखल झाले. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी आणि खाली पायघोळ धोतर.

इंद्रसिंग मिस्त्रीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, आठे धोतर चालत नही. उद्या लेंगा घाली या."

"वीस वर्षं धोतर नेसून शिकवतोय मी. लेंग्यात पोरं मला ओळखणार नाहीत."

"आठे पोरं नहीत, पट्टा शे. त्याले काय माहीत, कोन मास्तर नि कोन मजूर!"

मास्तरांनी ते कानाआड केलं. चौथ्या दिवशी ते उलट मिस्त्रीलाच घर्षणाचा नियम समजावत होते. बोलण्याच्या भरात दोन पावलं मागे सरकले आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याने धोतराचा सोगा धरला. मास्तर स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन शेजारच्या कापसाच्या ढिगात कोसळले. धोतर एकटंच पुढे गेलं. मिस्त्रीने धावत जाऊन पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला, तोवर धोतराच्या काळ्याकुट्ट चिंध्या झाल्या होत्या.

"अय माय! मास्तरनं धोतर गयं!" कापूस निवडणारी तापीबाई ओरडली आणि पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली.

मास्तरांना खरचटलंसुद्धा नव्हतं. पण कमरेखाली निळ्या उभ्या पट्ट्यांची चड्डी तेवढी उरली होती. त्यांनी घाईघाईने कापूस ओढून घेतला. "बाई, शेठच्या घरी पळा. नेसायला काहीतरी आणा!"

तापीबाई फाटकातून बाहेर पडली आणि त्याच फाटकातून हेडमास्तर आत आले. मागे तांत्रिक वर्गाची एक्केचाळीस मुलं.

"म्हटलं, आपले मास्तर कसे शिकतात ते पोरांना दाखवावं. या की बाहेर!"

"नको," मास्तर कापसातूनच म्हणाले. "कच्च्या मालाचा अभ्यास चाललाय."

हेडमास्तर भारावले. "बघा रे! काम असं बुडून करायचं असतं. बरं, इंजिन दाखवता ना?"

"मी सांगतो, मिस्त्री दाखवतील."

मिस्त्री हसू गिळून इंजिनाजवळ गेला. आणि काय आश्चर्य, तास रंगला! फळ्यासमोर पेंगणारी पोरं मिस्त्रीच्या हाताकडे टक लावून बघू लागली. मास्तर नाव सांगत, मिस्त्री तो भाग हात लावून दाखवी. मास्तरांना स्वतःलाच दोन गोष्टी नव्याने कळल्या. आनंदात ते चड्डी विसरले.

शेवटी मिस्त्रीने पट्टा पुन्हा चढवला आणि खडखडाट सुरू झाला. हेडमास्तरांनाही स्फुरण चढलं. "आणि हा पट्टा बघा!" म्हणत ते पट्ट्याकडे पाठ करून मुलांसमोर उभे राहिले. त्यांच्याही धोतराचा सोगा वाऱ्याने फडफडत पट्ट्याकडे निघाला. मिस्त्री इंजिनाच्या पलीकडे होता. मास्तरांनी दोन हाका मारल्या, पण त्या खडखडाटात कोणाला ऐकू जाणार? त्यांनी एकदा मुलांच्या तोंडांकडे पाहिलं, एकदा कापसाकडे पाहिलं, आणि उडी मारली.

पुढच्या क्षणी हेडमास्तर जमिनीवर होते, त्यांचं धोतर शाबूत होतं आणि एक्केचाळीस मुलांपुढे पितांबर मास्तर निळ्या पट्ट्यांत उभे होते. अंगाला जागोजाग कापूस चिकटलेला. मिस्त्रीने पट्टा सरकवला. खडखडाट थांबला.

मास्तरांनी टोपी सारखी केली. "मुलांनो, यंत्राजवळ सैल कपडा घालायचा नाही. लिहून घ्या."

तेवढ्यात तापीबाई धापा टाकत आली. हातात शेठचं कडक इस्त्रीचं धोतर होतं.

"धोतर नको बाई," मास्तर म्हणाले. "लेंगा असेल तर बघा."

मिस्त्री खो खो हसत सुटला. "शेठले सांगस, आजच दाखला लिही द्या. मास्तर शिकी गयात!"

वर्ग टिकला. सहामाही परीक्षेत मास्तरांनी प्रश्न घातला: 'यंत्राजवळ काम करताना पाळायचा पहिला नियम लिहा.' एक्केचाळीसही उत्तरं बरोबर आली. आकृती कोणी मागितली नव्हती, तरी सगळ्यांनी काढली होती. मास्तरांनी मुकाट्याने सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. एकाचा मात्र अर्धा कापला. त्याने पट्टे आडवे काढले होते.